चौथं घड्याळ डायव्हर घ्यायचं, पण कुठलं? (नागपूर, बजेट 40 हजार)

अंबाझरीकर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे घड्याळं फार नाहीत, पण जी आहेत ती आवडीनं जमवलेली आहेत. बाबांचं एचएमटी जनता, रोज सकाळी चावी द्यायचं. ऑफिसला टायटन एज. पाऊसपाणी, ट्रेकिंग आणि प्रवासाला कॅसिओचं जी-शॉक. चौथं डायव्हर, म्हणजे पाणबुड्यांसाठी बनवलेल्या धाटणीचं घड्याळ, घ्यायचं हे पक्कं आहे. फिरती बेझल (काचेभोवतीची आकड्यांची कडी), ठसठशीत काटे, अंधारात उजळणारे ठिपके, हे रूपच मला शाळेपासून आवडतं.

बजेट 40 हजार. यादीत सध्या चार आहेत: ओरिएंट कामासू, सिटिझन प्रोमास्टर बीएन 0150 (सोलर), सेइको टर्टल आणि सेइको 5 स्पोर्ट्स. मनगट साडेसहा इंच, चपटं. तरणतलावात नियमित पोहतो, आणि डिसेंबरात तारकर्लीला स्कूबा करायचा बेत आहे. ऑफिसलाही चाललं तर सोन्याहून पिवळं.

100 मीटरवालं पुरेल की 200च हवं? ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीवर चालणारं) घ्यावं की सोलर? आणि 45 मिमीचं टर्टल माझ्या हातावर फार मोठं दिसेल का? ज्यांनी ही वापरली आहेत त्यांनी मनमोकळं लिहा.

तर्रीबाज

भाऊ, नागपुरात समुद्र कुठं हाय? फुटाळ्यात डायव्ह मारतं का? 😀

मजाक सोड. कामासू घे. सफायर काच त्या भावात कोणीच देऊन नाही राहिलं. माह्याकडे लाल डायलचं आहे, तीन पावसाळे झाले, काचेवर एक ओरखडा नाही.

प्राजक्ता_धंतोली

वाचतेय. भावासाठी घ्यायचंच आहे, आयता धागा मिळाला.

सेकंदकाटा

पहिला प्रश्न आधी घेतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत.

डायलवर ‘वॉटर रेझिस्ट 100 मीटर’ लिहिलंय म्हणजे ते घालून 100 मीटर खोल जायचं असं नाही. तो प्रयोगशाळेतल्या दाबाचा आकडा आहे. दर 10 मीटर पाण्याला साधारण 1 बार इतका दाब, म्हणजे 100 मीटरला 10 बार. पोहायला तेवढं भरपूर झालं. पण डायव्हरचं घड्याळ म्हणून ज्याला मान्यता असते त्यासाठी आयएसओ 6425 हे वेगळं मानक आहे, आणि ते फक्त पाण्याच्या दाबापुरतं नाही. लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाब, मिठाच्या पाण्यात 24 तास, धक्का, चुंबक, आणि पूर्ण अंधारात 25 सेंटीमीटरवरून वेळ वाचता येणं. शिवाय घड्याळ चालू आहे हे अंधारातही दिसलं पाहिजे. म्हणूनच अशा घड्याळाच्या सेकंदकाट्यावरही चमकणारा ठिपका असतो.

या मानकात बसणाऱ्या घड्याळावर ‘डायव्हर्स 200 मीटर’ असं लिहिलेलं असतं. नुसतं ‘वॉटर रेझिस्ट 200 मीटर’ असेल तर ते दणकट असू शकतं, पण त्या सगळ्या चाचण्यांचा शिक्का त्यावर नाही.

तुझ्या यादीला हे लावून बघ. प्रोमास्टर आणि टर्टल मानकात बसतात. कामासू 200 मीटरचं आहे, स्क्रू-डाउन चावी (आट्यांवर फिरवून घट्ट बंद होणारी) आहे, सफायर आहे, पण तो शिक्का नाही. 5 स्पोर्ट्स दिसायला डायव्हर, पण 100 मीटर आणि चावी स्क्रूची नाही. 2019 मध्ये सेइकोनं आपल्याच जुन्या एसकेएक्स या डायव्हर घड्याळाचा चेहरा ठेवून ते काढलं. त्या एसकेएक्सवर मात्र ‘डायव्हर्स 200 मीटर’ होतं.

तर्रीबाज

@सेकंदकाटा शिक्का नाही म्हणून कामासू बुडते का भाऊ? खिंडसीला बोटिंग करतानी माह्यं पार पाण्यात गेलं होतं, काही झालं नाही.

सेकंदकाटा

बुडणार नाहीच. चांगलं घड्याळ आहे, माझ्याकडेही होतं. धागाकर्त्यानं स्कूबा म्हटलं म्हणून फरक सांगितला.

जुनीचावी

अंबाझरीकर, जनता रोज चावी देऊन वापरता हे वाचून बरं वाटलं. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना 1961 मध्ये सिटिझनच्या सहकार्यानं बंगळुरात उभा राहिला. त्यामुळे प्रोमास्टर घेतलंत तर ते तुमच्या जनताचं जपानी चुलत भावंडच म्हणायचं.

नागपूरच्या दृष्टीनं दोन गोष्टी सांगतो. मे महिन्यात इथे पारा 45 पार जातो. ऑटोमॅटिक घड्याळांच्या पुस्तिकेत जी अचूकता छापलेली असते ती साधारण 5 ते 35 अंशांत धरलेली असते. आपल्या उन्हाळ्यात दिवसाला काही सेकंद इकडेतिकडे झाले तर घड्याळाला नावं ठेवू नका. आणि ते उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर कधीच ठेवू नका. तेल पातळ होऊन पसरतं, रबरी रिंगा कडक होतात.

दुसरी गोष्ट या रिंगांचीच. मागच्या झाकणाखाली, चावीच्या नळीत आणि काचेखाली रबरी रिंग असते, आणि पाणी अडवायचं सगळं काम तीच करते. कुकरच्या रिंगेसारखीच ती जुनी होते, आखडते. 200 मीटर हा आकडा डायलवर कायमचा असला तरी रिंगेत कायमचा नसतो. माझ्या मेहुण्यांनी एका चांगल्या क्वार्ट्झ डायव्हरचा सेल रस्त्यावरच्या टपरीवर बदलून घेतला. कारागिरानं झाकण उघडलं, सेल बदलला, झाकण दाबून बसवलं. रिंग तिच्या खाचेत पूर्ण बसलीच नव्हती, एक वेढा बाहेर राहिला होता. पुढच्याच आठवड्यात काचेच्या आतून वाफ, आणि तारखेच्या चकतीवर तांबूस डाग.

सोलर घेतलंत तर वर्षानुवर्षं झाकण उघडायचं कामच पडत नाही. माझं मत प्रोमास्टरला.

इतवारीचा_पोरगा

काका, रिंगेबद्दल एकदम बरोब्बर. आमच्याकडे बाप्पा लोकं दोन हजाराच्या पट्ट्याले चारदा विचार करते, अन् झाकण उघडाले कोणाकडेही देऊन टाकते.

खारापाणी

मी मूळचा नागपूरचा, गेली काही वर्षं किनाऱ्यावर असतो. स्कूबा कर्नाटकातल्या नेत्राणी बेटावर शिकलो. पाण्याखालच्या बाजूनं लिहितो.

आज कुठलाही डायव्हर घड्याळावर डायव्ह करत नाही, मनगटावर खोली आणि वेळ मोजणारा डायव्ह कॉम्प्युटर असतो. ओपन वॉटर या पहिल्या प्रमाणपत्रावर 18 मीटर, अ‍ॅडव्हान्स्डवर 30, आणि हौशी डायव्हिंगची शेवटची मर्यादा 40. म्हणजे 200 मीटरचा आकडा तुमच्यामाझ्या आयुष्यात कधीच गाठला जात नाही. तारकर्लीला प्रमाणपत्राशिवाय जो डायव्ह करवतात त्यात तर 12 मीटरच्या आतच राहायचं असतं, आणि प्रशिक्षक पूर्ण वेळ तुम्हाला धरून असतो. तिथे तुम्ही घड्याळाकडे बघणारच नाही, मासे बघाल.

तरी मी घड्याळ घालतो. कॉम्प्युटर बंद पडला तर वेळ कळायला दुसरं साधन हवं. पाण्यात उतरताना बेझलचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा. पुढे मिनिटकाटा बेझलवर ज्या आकड्यासमोर असेल तेवढी मिनिटं झाली. बेझल एकाच दिशेनं फिरते, डावीकडे. दगडाला घासून ती सरकलीच तर जास्त वेळ गेला असं दाखवेल, कमी कधीच नाही. म्हणजे चूक झालीच तर तुम्ही लवकर वर याल. 5 स्पोर्ट्सचीही बेझल अशीच चालते, पण चावी स्क्रूची नसल्यानं मी ते घालून टाकी पाठीवर घेणार नाही.

पट्टा रबराचाच घ्या. प्रोमास्टरच्या मूळ रबरी पट्ट्यावर किती खोलीला किती मिनिटं थांबता येतं याचा तक्ता छापलेला असतो. तो आता कोणी वापरत नसेल, पण मला तो पट्टा फार आवडतो.

वैदर्भी

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. माझं मनगट तुमच्याहून बारीक आहे आणि मी डायव्हर्स घालते, म्हणून अनुभवानं सांगते: मिमीचा आकडा बघून घाबरू नका. बघायचं ते एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतचं अंतर, म्हणजे वरचा पट्टा जिथे जोडला जातो तिथपासून खालच्या टोकापर्यंत. टर्टल 45 मिमी रुंद, पण उशीसारख्या गोल अंगाचं आणि कान आखूड, त्यामुळे हे अंतर सुमारे 48 मिमीच भरतं. काही 42 मिमीची घड्याळं याहून लांब असतात आणि दोन्ही बाजूंनी मनगटाबाहेर लोंबतात.

घरच्या घरी करायचं तर पुठ्ठ्याची 48 मिमी लांब पट्टी कापा आणि मनगटाच्या वरच्या सपाट भागावर आडवी ठेवा. टोकं हाडाच्या बाहेर गेली नाहीत तर बसलं. तुमचं मनगट चपटं आहे म्हणजे वरची सपाटी रुंद असणार, उलट फायदाच.

जाडीचं मात्र वेगळं आहे. टर्टल शर्टाच्या बाहीखाली जात नाही. बटण लावलेलं असेल तर मुळीच नाही.

@प्राजक्ता_धंतोली भावाचं मनगट आधी मोजून ये गं. सेइको 5 स्पोर्ट्समध्ये 2023 पासून 38 मिमीचंही येतं.

प्राजक्ता_धंतोली

मोजलं. सव्वासात इंच! त्याला काहीही चालेल 😄

मिहानवाला

सगळ्यांची क्षमा मागून वेगळं मत मांडतो. 40 हजार आत्ता घालवण्यापेक्षा थांब आणि स्विस घे. या घड्याळांची सुरुवातच तिथली आहे. ब्लाँपँचं फिफ्टी फॅदम्स 1953 चं, रोलेक्स सबमरीनरही त्याच वर्षीचं. फिफ्टी फॅदम्स काढणारे ब्लाँपँचे प्रमुख जाँ-जाक फिश्टर स्वतः पाणबुडे होते, आणि फ्रेंच नौदलाच्या पाण्याखाली उतरणाऱ्या सैनिकांनाही तसंच घड्याळ हवं होतं. बेझल अपघातानं फिरू नये ही काळजी त्यात पहिल्यापासून घेतलेली आहे. शिवाय भारत आणि एफ्टा देशांचा (स्वित्झर्लंड त्यातच येतं) व्यापार करार 1 ऑक्टोबर 2025 पासून लागू झालाय, स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्यानं उतरणार. ट्यूडरचं ब्लॅक बे 54 बघ, 37 मिमी, 200 मीटर. एकदाच घ्यायचं आणि मुलाला द्यायचं.

तर्रीबाज

भाऊ तो 40 हजार म्हणून राहिला अन् तू त्याले तीन-चार लाखाच्या गोष्टी सांगून राहिला. मुलाले द्यायच्या आधी बायकोले सांगा लागते.

सेकंदकाटा

मिहानवाला, इतिहास पटला, पण जपान्यांना मागून आलेले समजू नका. सेइकोचं पहिलं डायव्हर 1965 चं, 150 मीटर. ते जपानच्या अंटार्क्टिक मोहिमेवर गेलं होतं.

त्याहून मला आवडते ती पुढची गोष्ट. 1968 मध्ये हिरोशिमा प्रांतातल्या कुरे गावच्या एका व्यावसायिक पाणबुड्यानं सेइकोला पत्र लिहिलं, की आम्ही काम करतो तितक्या खोल पाण्यात आणि हेलियमच्या वातावरणात तुमची घड्याळं टिकत नाहीत. असे लोक दिवसेंदिवस दाब वाढवलेल्या बंद कक्षात, हेलियम मिसळलेल्या हवेत राहतात. हेलियमचे बारीक कण घड्याळात शिरतात, आणि वर येताना आतला दाब काच उडवतो. स्विस कंपन्यांनी त्यावर हेलियम बाहेर सोडणारी झडप काढली. सेइकोच्या अभियंत्यांनी हेलियम आत शिरूच नये असं घड्याळ करायला घेतलं. सात वर्षं लागली. 1975 मध्ये टायटॅनियमचं 600 मीटरचं घड्याळ आलं, बाहेरून संरक्षक कवच, आत इंग्रजी एल आकाराची रिंग. टूना माशाच्या गोल डब्यासारख्या त्या रूपामुळे लोक त्याला आजही ‘टूना’ म्हणतात. एका माणसाच्या पत्रासाठी कंपनी सात वर्षं राबली, यावर मी सेइकोला बरंच काही माफ करतो.

जुनीचावी

सुंदर माहिती. आमच्या तरुणपणी सेइको म्हणजे ‘सिको’, आणि आखातातून कोणी आणलं तरच बघायला मिळायचं. पाटबंधारे खात्यातल्या एका साहेबांच्या हातात होतं, आम्ही मुद्दाम वेळ विचारायला जायचो.

व्होल्गाप्रेमी

अवांतर, पण कोणीतरी लिहायलाच हवं: व्होस्तोक अ‍ॅम्फिबिया. 1967 चं सोव्हिएत घड्याळ, 200 मीटर. पाश्चात्त्य पद्धतीचं महागडं बारीक काम परवडत नव्हतं, म्हणून त्यांनी उलटा विचार केला: पाण्याचा दाब जितका वाढेल तितकं झाकण रिंगेवर जास्त घट्ट बसावं. काच जाड अ‍ॅक्रिलिकची, दाबाखाली किंचित आत झुकते आणि कडेला आणखी घट्ट होते. चावी उघडली की सैल डुलते, नवीन माणसाला वाटतं मोडली. ती मुद्दाम तशी आहे, बाहेरचा धक्का आतल्या दांड्याला लागू नये म्हणून. बेझल मात्र दोन्ही बाजूंनी फिरते. इतक्या कमी पैशांत इतकी बुद्धी कुठल्याही घड्याळात नाही.

खारापाणी

@व्होल्गाप्रेमी माझ्याकडे आहे! मित्र चावी बघून ‘तुटलंय’ म्हणाला होता, तेव्हा हेच सांगावं लागलं.

डागा_लेआउट

घड्याळ पाण्यात टिकतं की नाही हे आमच्या घरी नको तितकं सिद्ध झालंय. 23 सप्टेंबर 2023 ची पहाट. अंबाझरी ओसंडला आणि नाग नदीचं पाणी तळमजल्यावर शिरलं. गादीवर पाय सोडले तर पाणी लागलं. आईला वरच्या मजल्यावर नेलं, गॅस बंद केला, घड्याळांची आठवण कोणाला होणार? ती टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये होती आणि ड्रॉवर पूर्ण पाण्याखाली.

पाणी उतरल्यावर ड्रॉवर ओढला तर फुगलेलं लाकूड हलेना. पेचकसानं उचकटला. आत बोटभर काळा गाळ, वास अजून नाकात आहे. बाबांच्या दोन एचएमटींच्या डायलखाली चिखल गेला होता, काट्यांना जागच्या जागी गंज धरायला लागला होता. माझं एक फॅशनचं घड्याळ काचेपर्यंत पाण्यानं भरलं होतं, हलवलं की आत लाट दिसायची. आणि कॅसिओचं ड्युरो, सगळ्यांत स्वस्त, गाळाच्या तळाशी. नळाखाली धरलं, अंगठ्यानं काच पुसली, आणि सेकंदकाटा टकटक पुढे सरकताना दिसला. आई वरून विचारत होती काय झालं, आणि मला बोलता येईना.

ड्युरो 200 मीटरचं आहे, डायलवर मासा आहे, किंमत तुझ्या बजेटच्या एका कोपऱ्यात मावते. बिल गेट्सच्या हातातही दिसलेलं आहे. संग्रहासाठी तू मोठं घेशील ते घेच, पण हे एक घरात असू दे.

वैदर्भी

डागा लेआउट, वाचून काटा आला. आई बऱ्या आहेत ना आता? आणि बाबांच्या एचएमटींचं काय झालं?

डागा_लेआउट

आई एकदम बरी. एक एचएमटी पूर्ण सुटं करून, धुऊन, तेल घालून चालू झालं. दुसऱ्याचं डायल गेलं, यंत्र सांभाळून ठेवलंय.

जुनीचावी

डायल मिळेल. जुन्या मालाची पेटी आहे माझ्याकडे. मॉडेलचा फोटो पाठवा, शोधतो.

सदरचा_सेल्समन

बराच काळ घड्याळाच्या दुकानात काम केलंय, दुकानाचं नाव घेत नाही. विकत घेताना काय बघायचं तेवढं सांगतो.

सेइकोत एक जुनं दुखणं आहे. बेझलचा त्रिकोण, आतल्या रिंगेवरची 12 ची खूण आणि डायलवरची खूण या तिन्ही एका रेषेत नसतात, केसभर इकडेतिकडे. वेळ बरोबरच दाखवतं, पण एकदा दिसलं की नजर दरवेळी तिथेच जाते. दुकानात दोन-तीन नग काढायला सांगा, काचेसमोर डोळा सरळ धरून बघा. तीन नग दाखवायला नको म्हणतील तर दुसरं दुकान बघा. ऑनलाइन घेताना हे करता येत नाही, दोन हजार वाचवायला जाऊन नंतर चडफडू नका.

चावी स्वतः उघडून परत लावून बघा. उघडताना हलकी उडी घेऊन बाहेर यायला हवी, लावताना अडखळायला नको. आटे चुकीचे बसले तर तिथूनच पाणी शिरतं. बेझल एक फेरी पूर्ण फिरवा. खुळखुळली तर घेऊ नका.

वॉरंटी कार्डावर नंबर आणि तारीख लिहून घ्या. आणि ‘फर्स्ट कॉपी’च्या वाटेला कुणीच जाऊ नका. डायलवर 300 मीटर छापलेलं असतं, हात धुताना पाणी जातं.

अंबाझरीकर

केवढी माहिती! सगळ्यांचे मनापासून आभार. पुठ्ठ्याची पट्टी ठेवून बघितली, बसते. शनिवारी सदरला जाऊन घालून बघतो. सोलर की ऑटोमॅटिक यावर मात्र अजून घोळतोय. डोकं सिटिझन म्हणतं. उन्हाची तर इथे कमी नाही.

जुनीचावी

डोक्याचं ऐका. पूर्ण चार्ज झालं की अंधारातही सहा महिने चालतं, आणि महिन्याला 15 सेकंदांपलीकडे चुकत नाही. टर्टलच्या यंत्राची कागदावरची मर्यादा दिवसाला 45 सेकंद पुढे किंवा 35 सेकंद मागे अशी आहे. प्रत्यक्षात बरंच बरं चालतं, पण कंपनी शब्द तेवढाच देते.

वैदर्भी

काकांशी मी सहमत नाही, आणि कारण धाग्याच्या पहिल्याच परिच्छेदात आहे. अंबाझरीकर, तुमच्याकडे जी-शॉक आहे. बहुतेक जी-शॉक 200 मीटरचे असतात. पोहणं, पाऊस, तारकर्ली, कधी चावी न देता नेमकी वेळ, ही सगळी कामं ते आजही करतंय. प्रोमास्टर घेतलंत तर त्याच कामांना दुसरं घड्याळ येईल, आणि दोघांपैकी एक कपाटात पडून राहील. ऑफिसच्या बाहीखाली जाणारं एज आहेच. चावीचं जनता आहे. तुमच्याकडे नाही ते एकच: हाताच्या हालचालीवर आपोआप चालणारं. मग ते बाहीखाली जायला हवं, मिनिटाला अचूक हवं, या अटी या घड्याळावर का लादायच्या? नवीन घड्याळ एकटं चांगलं असून भागत नाही, आधीच्या तिघांत नसलेलं काहीतरी त्यात हवं.

खारापाणी

वैदर्भीताईंचं पटलं. माझं सोलरचं मत होतं, पण पहिलं आणि एकच घड्याळ घेणाऱ्यासाठी. इथे तसं नाही.

जुनीचावी

हा विचार मी केला नव्हता. बरोबर आहे ताई. एकच सांगतो, ऑटोमॅटिक घेतलं तर काही वर्षांनी सर्व्हिसिंगचा खर्च आहे, तो धरून चला.

मिहानवाला

मलाही पटलं. तरीपण ब्लॅक बे एकदा हातात घालून बघ.

तर्रीबाज

मिहानवाला भाऊ सोडत नाही बाप्पा 😂

इतवारीचा_पोरगा

टर्टल रात्री बेज्या चमकते. पेंचच्या बाजूले नवेगाव खैरीले मुक्कामी होतो, लाइट गेली. टॉर्च शोधाले घड्याळाचाच उजेड कामी आला, मच्छरदाणीतल्या पोराच्या तोंडावर हिरवा उजेड पडून राहिला होता. सकाळपर्यंत काटे दिसून राहिले होते.

उन्हाळी_पाहुणा

टर्टल स्टीलच्या चेनवर घ्यावं की रबरावर? मे महिन्यात चेन तापते, घाम अडकतो, मनगटावर पुरळ येतं. कोणी उपाय सांगेल का?

सदरचा_सेल्समन

रबर घ्या, एक भोक सैल ठेवा, संध्याकाळी साध्या पाण्यानं धुवा. नायलॉनचाही पट्टा चांगला, 22 मिमीचा लागेल. चामड्याचा उन्हाळ्यात नकोच, घामानं वास धरतो. आणि चेन घ्यायचीच असेल तर घड्याळासोबतच घ्या, नंतर वेगळी घेताना महाग पडते.

सेकंदकाटा

उन्हाचा विषय निघालाय म्हणून: 45 अंशांच्या उन्हातून थेट तलावात उडी मारली की काचेला आतून क्षणभर धुकं येतं का, असं मला दोघांनी विचारलंय. चांगल्या घड्याळाला येत नाही. आयएसओ 6425 मध्ये हीच चाचणी आहे: 40 अंशांच्या पाण्यात 10 मिनिटं, मग 5 अंशांच्या पाण्यात 10 मिनिटं, परत 40 मध्ये 10 मिनिटं. आत पाण्याचा थेंबभर अंश असला तरी धुकं दिसतं. दिसलं तर घड्याळ दुरुस्तीला द्यायचं, वाट बघायची नाही.

अंबाझरीकर

शनिवारी सदरला जाऊन आलो. कामासू हातावर फार देखणं दिसतं, हे तर्रीबाजला सांगायलाच हवं. तो लाल रंग फोटोत येतच नाही. प्रोमास्टरनं मात्र मला जी-शॉकचीच आठवण झाली, वैदर्भींनी म्हटलं होतं तसंच. टर्टल घातलं आणि काढावंसं वाटेना. वजनदार, पण कडा गोल असल्यामुळे टोचत नाही, आणि चावी चारच्या ठिकाणी असल्यानं मनगट वाकवलं तरी हाताच्या मागच्या बाजूत रुतत नाही. तीन नग काढून घेतले. पहिल्याचा त्रिकोण खरंच उजवीकडे होता, तिसरा अगदी सरळ. काळ्या डायलचं, रबरी पट्ट्यावर, तिसरा नग घेतला. बजेटच्या आत बसलं.

आता एक शेवटचा प्रश्न. डिसेंबरात पाण्यात न्यायच्या आधी नवीन घड्याळाचीही प्रेशर टेस्ट करून घ्यावी का?

तर्रीबाज

अभिनंदन भाऊ! पार्टी कधी? सावजी की तर्री पोहे, तूच ठरव.

सदरचा_सेल्समन

अभिनंदन. नवीन असेल, झाकण कोणी उघडलेलं नसेल, तर गरज नाही. कधी उघडलं गेलं तर त्यानंतर पाण्यात न्यायच्या आधी अधिकृत सर्व्हिस सेंटरवरच तपासून घ्या. हवेच्या दाबानं तपासतात, घड्याळ पाण्यात घालावंही लागत नाही.

खारापाणी

अभिनंदन! तारकर्लीला जाताना बोटीवर चढायच्या आधीच चावी घट्ट आहे ना बघून घे, ओल्या हातांनी पाण्यात उघडायची नाही. वर आल्यावर गोड्या पाण्यात बुडवून बेझल दोन-तीनदा फिरव, खाली बसलेलं मीठ आणि वाळू निघते. सकाळची पहिली बोट माग, त्या वेळी पाणी शांत असतं.

अंबाझरीकर

पहिलीच बोट मागतो. आणि तर्रीबाज, रविवारी सकाळी तर्री पोहे माझ्याकडून. जुनीचावी काका, तुम्हीही या, डागा लेआउटच्या एचएमटीचं डायल सापडलं असेल तर सोबत आणा. त्यालाही बोलावतो.